अवयव पाडताना उजवीकडे शून्यच का हवं? (दहावीतल्या लेकीचा प्रश्न)

जाईजुई_माहीम

लेक दहावीला आहे, सेमी इंग्रजीत. सध्या वर्गसमीकरणांचा धडा चालू आहे. परवा तिने एक उदाहरण असं सोडवलं:

क्ष² − क्ष = १२
क्ष(क्ष − १) = १२
म्हणून क्ष = १२ किंवा क्ष − १ = १२
म्हणजे क्ष = १२ किंवा १३

ताळा घेतल्यावर चूक तिच्या लगेच लक्षात आली, कारण १२ × ११ = १३२ होतात. मग सगळी पदं डावीकडे आणून (क्ष − ४)(क्ष + ३) = ० असं मांडलं आणि ४ आणि −३ ही बरोबर उत्तरंही काढली. पण तिचं समाधान होईना. म्हणाली, "आई, समोर शून्य असेल तर दोन्ही कंस वेगवेगळे शून्याला मांडायचे. मग समोर १२ असेल तर दोन्ही १२ ला का नाही मांडायचे? शून्याला काय सोनं लागलंय?"

मी कॉमर्सची. नियम मला आठवतो, पण कारण सांगता येईना. तिने क्लासमध्ये विचारलं तर "हे परीक्षेत विचारत नाहीत" एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. मुलीने विचारलंय तर तिला उत्तर मिळायला हवं.

आणखी दोन शंका आहेत. मधलं पद फोडताना जोड्या शोधण्यात तिचा फार वेळ जातो. १२क्ष² − क्ष − ३५ = ० या एका उदाहरणाला वहीचं अख्खं पान भरलं. याला काही पद्धत आहे की नुसता अंदाजच? आणि अवयव पडणारच नसतील तर ते आधीच ओळखता येतं का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. तीही धागा वाचणार आहे.


खडूफळा

जाईताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी गिरगावात बरीच वर्षं गणित शिकवलं. हा प्रश्न आपणहून विचारणारी मुलं थोडीच भेटली, आणि ज्यांनी विचारला त्यांचं बीजगणित पुढे कधी अडलं नाही.

आता तिच्याशीच बोलतो. बाळ, गुणाकार १२ येतो तो कुणाकुणाचा? ३ आणि ४, २ आणि ६, −३ आणि −४, अर्धा आणि २४, ५ आणि २.४. ही यादी कधी संपतच नाही. म्हणजे "दोन संख्यांचा गुणाकार १२ आहे" एवढं कळून त्यातल्या एकीबद्दलही आपल्या हाती काही लागत नाही.

आता गुणाकार शून्य आहे असं धर. अ × ब = ०. समजा अ शून्य नाही. मग दोन्ही बाजूंना अ ने भागायला काही हरकत नाही. डावीकडे ब उरतो आणि उजवीकडे ० भागिले अ. शून्याला कुठल्याही शून्येतर संख्येने भागलं तरी शून्यच येतं, म्हणून ब = ०. दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे, त्याला सुटका नाही. हेच १२ वर करून बघ: ब = १२ ÷ अ. अ बदलला की ब बदलतो. उत्तर कुठे थांबतच नाही.

तेव्हा सगळी पदं एका बाजूला आणून समोर शून्य ठेवणं ही या पद्धतीतली मुख्य पायरी. मुलं तिला नुसती मांडणी समजतात आणि घाईत गाळतात. एरवी क्ष² − क्ष − १२ या राशीचं मोल किती येईल हे क्ष वर अवलंबून आहे. ते शून्य यावं असा आपण आग्रह धरला की एकच अवघड प्रश्न दोन सोप्या प्रश्नांत मोडतो: क्ष − ४ कधी शून्य होतो, क्ष + ३ कधी शून्य होतो.

युरोपातही ही मांडणी रुळायला वेळ लागला. टॉमस हॅरियट नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं बीजगणितावरचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलं गेलं. बहुपदी म्हणजे अशा कंसांचा गुणाकार, ही दृष्टी त्यात ठळकपणे दिसते. पाठोपाठ १६३७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ देकार्तने तीच वाट पक्की केली. त्याआधीची मंडळी ऋण पदं टाळण्यासाठी काही पदं या बाजूला, काही त्या बाजूला ठेवत. तशा मांडणीत अवयवांचा हा उपयोग सहज डोळ्यांसमोर येत नाही.


मधली_सुट्टी

खडूफळा सरांना +१. याच मुद्द्याशी जोडलेली एक जागा दाखवते, जिथे हुशार मुलांचेही गुण जातात.

क्ष² = ५क्ष

मुलं दोन्हीकडचा क्ष "काटतात" आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. काटणं म्हणजे क्ष ने भागणं, आणि क्ष शून्य असू शकतो हे तेव्हा ध्यानात राहत नाही. शून्याने तर भागता येत नाही. त्यामुळे एक मूळ, म्हणजे समीकरणाचं एक उत्तर, हातचं निसटतं. क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा ५. ज्याच्यात चल आहे त्याने भागायचं नाही, तो सामाईक काढून बाहेर ठेवायचा.


चौथी_सीट

जोड्यांबद्दल मी लिहितो. डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात माझा हाच विरंगुळा असतो.

१२क्ष² − क्ष − ३५ च घेऊ. पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार १२ × (−३५) = −४२०. अशा दोन संख्या हव्यात की त्यांचा गुणाकार −४२० आणि बेरीज −१.

बरीच मुलं १ × ४२०, २ × २१०, ३ × १४० अशी टोकाकडून सुरुवात करतात. पान भरतं ते इथे. त्याआधी मधल्या पदाकडे नीट बघायचं. गुणाकार ऋण आहे, म्हणजे एक संख्या धन आणि एक ऋण. त्यांची बेरीज −१, म्हणजे आकाराने दोघींत फक्त एकचा फरक. दोन्ही अगदी सारख्या असत्या तर ४२० च्या वर्गमुळाएवढ्या, म्हणजे साडेवीसच्या आसपास असत्या. मग शोध तिथूनच सुरू करायचा. २० ने ४२० ला भाग जातो का? जातो, २१ वेळा. जोडी सापडली. मोठी संख्या ऋण घ्यायची: −२१ आणि २०.

१२क्ष² − २१क्ष + २०क्ष − ३५ = ०
३क्ष(४क्ष − ७) + ५(४क्ष − ७) = ०
(४क्ष − ७)(३क्ष + ५) = ०
क्ष = ७/४ किंवा क्ष = −५/३

मधलं पद −क्ष ऐवजी १३७क्ष असतं तर टोकाकडूनच शोधायचं: १४० आणि −३. थोडक्यात, जोडीतल्या संख्या एकमेकींपासून किती लांब आहेत ते मधलं पदच सांगतं. त्याचं ऐकलं की पाच-सहा जोड्या लिहायची वेळ येत नाही.

याहून हुकमी युक्तीही आहे, तिच्यात अंदाजाला जागाच उरत नाही. समजा बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ हवा आहे. बेरजेचं निम्मं ३२. मग एक संख्या ३२ हून जेवढी जास्त, तेवढीच दुसरी कमी. त्या फरकाला द म्हणू.

(३२ + द)(३२ − द) = ७६८
१०२४ − द² = ७६८
द² = २५६, द = १६

संख्या ४८ आणि १६. वरच्या −४२० च्या उदाहरणातही हीच युक्ती लागू पडते: बेरजेचं निम्मं −०.५, द² = ०.२५ + ४२० = ४२०.२५, द = २०.५, म्हणून २० आणि −२१. अपूर्णांक नको वाटत असतील तर पहिली पद्धत वापरावी.


पवईकर

द² पूर्ण वर्ग निघाला नाही तर काय, यातच जाईताईंच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर आहे.

अक्ष² + बक्ष + क यात ब² − ४अक हा विवेचक. सहगुणक पूर्णांक असतील तर विवेचक पूर्ण वर्ग असतानाच मधलं पद फोडून परिमेय (पूर्णांक किंवा साध्या अपूर्णांकांचे) अवयव पडतात, एरवी नाही. म्हणून जोडी शोधायला बसण्याआधी विवेचक काढावा.

१२क्ष² − क्ष − ३५: विवेचक १ + १६८० = १६८१ = ४१². अवयव पडणार, शोधायला हरकत नाही.

क्ष² + ६क्ष + ४: विवेचक ३६ − १६ = २०. पूर्ण वर्ग नाही. शोधत बसू नये, पूर्ण वर्ग पद्धत किंवा सूत्र, म्हणजे क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ, घ्यावं. मुळं −३ + √५ आणि −३ − √५.

क्ष² + क्ष + १: विवेचक −३. वास्तव मुळंच नाहीत.

एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ आला तर ती संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. एवढ्यानेही बराच वेळ वाचतो.


निवांत_दादर

माझं मत थोडं वेगळं आहे. विवेचक काढायचाच असेल तर अर्धं सूत्र तिथेच झालं. मग पुढे सूत्रानेच उत्तर काढा. कुठल्याही वर्गसमीकरणाला ते चालतं. अवयव पाडण्याचा एवढा सराव का करून घेतात हे मला शाळेतही कळलं नव्हतं. आज मुलांना पाढे कच्चे असताना तर सूत्रच बरं.


रात्रशाळा

निवांत_दादर, परीक्षेत "अवयव पद्धतीने सोडवा" असं स्पष्ट सांगितलेलं असेल तर सूत्र वापरून गुण मिळत नाहीत, हे एक झालं. पण माझं कारण निराळं आहे.

मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत शिकवतो. मुलं दिवसभर काम करून येतात. कुणी कुरिअरच्या पिशव्या उचलतं, कुणी भाजीच्या गाळ्यावर उभं असतं. सूत्र सगळ्यांचं पाठ असतं. पण ब ऋण असला की वजा ब चं चिन्ह हमखास चुकतं आणि चुकलंय हे कळायला मार्ग नसतो, कारण सूत्र कुठून आलं हेच माहीत नाही. म्हणून मी उलटीकडून सुरू करतो. फळ्यावर समीकरण लिहितच नाही. आधी मुळं लिहितो आणि समीकरण त्यांना तयार करायला सांगतो.

मुळं ३/२ आणि −५ घ्या. क्ष = ३/२ म्हणजे २क्ष − ३ = ०. क्ष = −५ म्हणजे क्ष + ५ = ०. आता कंस गुणा:

(२क्ष − ३)(क्ष + ५)
= २क्ष² + १०क्ष − ३क्ष − १५
= २क्ष² + ७क्ष − १५

इथे मी थांबतो आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतो. ७क्ष कुठून आला? १०क्ष आणि −३क्ष यांतून. १० आला २ आणि ५ च्या गुणाकारातून, −३ आला −३ आणि १ च्या गुणाकारातून. म्हणजे १० × (−३) मध्ये २, ५, −३ आणि १ असे चारही आकडे आहेत. आणि पहिला सहगुणक २ × १ गुणिले स्थिरपद (−३) × ५, यातही तेच चार आकडे आहेत. दोन्ही गुणाकार −३० यायलाच हवेत.

"पहिल्या-शेवटच्याचा गुणाकार करा आणि मधलं फोडा" हा नियम मुलं पाठ करतात, तो इथून निघाला आहे. ती ओळ एकदा स्वतःच्या हाताने लिहिली की मधलं पद फोडणं म्हणजे गुणाकार करताना जे एकत्र झालं ते पुन्हा सुटं करणं, हे समजतं. मग एका बाकावरचा मुलगा मुळं मनात धरून समीकरण बनवतो आणि शेजारचा सोडवतो. उत्तर दोघांनाच ठाऊक असतं, त्यामुळे तपासणीसाठी माझ्याकडे कुणी येत नाही.

पाढे कच्चे असतील तर ते याच सरावात पक्के होतात. दहावीच्या मुलाला नुसते पाढे म्हणायला लावणं मला बरं वाटत नाही.


खडूफळा

रात्रशाळा, अगदी मनातलं लिहिलंत. तुमची ती दुसरी ओळ पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवी.


अकरावीत_आत्ता

मी अकरावी सायन्सला आहे. नववीत अवयव सिद्धांत आणि संश्लेषक भागाकार होता, पण तेव्हा का शिकतोय ते कळलं नव्हतं. आता घनसमीकरणं येतात तेव्हा तेच लागतं. उदाहरणार्थ २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ०. इथे मधलं पद एक नाही, दोन आहेत. सुरुवात कुठून करायची? सगळे आकडे घालून बघायचे का?


खडूफळा

सगळे नाही. मूळ परिमेय असेल तर ते कुठल्या आकड्यांतून येणार हे आधी ठरवता येतं. सहगुणक पूर्णांक असताना अतिसंक्षिप्त रूपातल्या मुळाचा अंश स्थिरपदाचा विभाजक असतो आणि छेद पहिल्या सहगुणकाचा विभाजक असतो. इथे स्थिरपद ६, पहिला सहगुणक २. म्हणजे उमेदवार १, २, ३, ६, १/२ आणि ३/२, धन आणि ऋण दोन्ही. याबाहेर बघायचंच नाही.

१ घालून बघणं सर्वांत सोपं, सहगुणकांची नुसती बेरीज: २ − ३ − ११ + ६ = −६. शून्य नाही, म्हणून क्ष − १ हा अवयव नाही. २ घातला तर १६ − १२ − २२ + ६ = −१२. तोही नाही. ३ घातला तर ५४ − २७ − ३३ + ६ = ०. अवयव सिद्धांत सांगतो की क्ष − ३ हा अवयव आहे. आता संश्लेषक भागाकार:

३ | २ −३ −११ ६
  |   ६ ९ −६
    २ ३ −२ ०

पहिला २ खाली उतरवला. ३ × २ = ६ हे −३ खाली, बेरीज ३. ३ × ३ = ९ हे −११ खाली, बेरीज −२. ३ × (−२) = −६ हे ६ खाली, बेरीज शून्य. शेवटचं शून्य म्हणजे बाकी, आणि ती शून्य आली यातच ताळाही झाला. खालच्या ओळीतल्या पहिल्या तीन आकड्यांतून भागाकार मिळतो:

(क्ष − ३)(२क्ष² + ३क्ष − २) = ०

उरलेलं दहावीचं काम. गुणाकार −४, बेरीज ३, जोडी ४ आणि −१:

(क्ष − ३)(क्ष + २)(२क्ष − १) = ०

मुळं ३, −२ आणि १/२. तीन कंस असले तरी शून्याचा तोच नियम चालतो. एक कंस सापडला की समीकरण एक पायरी खाली उतरतं, हेच इथलं सगळं बळ आहे.

एक लक्षात ठेवा. एखादं पद गाळलेलं असेल, जसं क्ष³ − ७क्ष + ६ मध्ये क्ष² नाही, तर भागाकार मांडताना त्या जागी ० लिहायचं. ते विसरलं की पुढचं सगळं एक घर सरकतं.


निवांत_दादर

हे पटलं. एक विचारतो, घनसमीकरणालाही सूत्र असतंच ना?


पोथीवाला

असतं. १५४५ मध्ये इटलीच्या कार्दानोने ते छापलं, त्यात त्याचा शिष्य फेरारीने काढलेली चौथ्या घाताची रीतही होती. पण ते इतकं अवजड आहे की साध्या पूर्णांक मुळालाही घनमुळांच्या जंजाळात लपवतं. पाचव्या घाताला तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं काढणं एवढ्यांतून बनलेलं सर्वसाधारण सूत्रच असू शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये दाखवलं. तेव्हा वरच्या घातांच्या समीकरणांत अवयव पडत असतील तर पाडणं हीच हातातली पहिली वाट.

भास्कराचार्यांबद्दल वेगळं लिहितो, थोडं जमवून.


पवईकर

जाईताईंच्या लेकीने "शून्यालाच का" विचारलं, म्हणून तिला आणखी एक गोष्ट दाखवावीशी वाटते. गुणाकार शून्य असेल तर एक अवयव शून्य असतोच, हा नियम आपल्या नेहमीच्या संख्यांत खरा आहे. सगळीकडे खरा नसतो.

घड्याळाचा हिशोब घ्या. १२ वाजले की पुन्हा शून्यापासून मोजायचं. १० वाजल्यानंतर ५ तासांनी ३ वाजतात. या हिशोबात ३ × ४ = १२, म्हणजे ०. दोघांपैकी एकही शून्य नाही, तरी गुणाकार शून्य.

आता या हिशोबात क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा. अवयव (क्ष − २)(क्ष − ३). २ आणि ३ ही मुळं आहेतच. पण ६ घालून बघा: ४ × ३ = १२, म्हणजे शून्य. ११ घाला: ९ × ८ = ७२, म्हणजे बाराचे सहा फेरे, पुन्हा शून्य. वर्गसमीकरणाला चार मुळं! अवयव बरोबर पाडले तरी फक्त कंसांकडे बघून सगळी मुळं मिळत नाहीत.

असं होतं कारण १२ चे स्वतःचे तुकडे पडतात. घड्याळ ७ किंवा ११ तासांचं असतं, म्हणजे मूळ संख्येचं, तर असं झालं नसतं. खडूफळा सरांनी वर "अ शून्य नसेल तर त्याने भागता येतं" असं लिहिलंय. १२ च्या घड्याळात ३ ने भागताच येत नाही. सगळी मेख त्या एका ओळीत आहे.


जाईजुई_माहीम

सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळाची चार मुळं लेकीने स्वतः ० ते ११ सगळे आकडे घालून तपासली आणि मग वडिलांना दाखवायला गेली. मुळांपासून समीकरण बनवण्याचा खेळही सुरू झालाय, आता माझ्यावरही सोडवायची वेळ येते.

तिची एक नवी शंका: शाब्दिक उदाहरणांत दोन मुळं येतात आणि "ऋण मूळ अग्राह्य" असं लिहून एक सोडून देतात. मग ते आलंच कुठून?


चौथी_सीट

रेल्वेचंच उदाहरण घेऊ. मुंबई सीएसएमटी ते पुणे लोहमार्गाने १९२ किमी. एका गाडीचा ताशी वेग १६ किमीने वाढवला तर ती एक तास लवकर पोचते. मूळ वेग किती?

१९२/व − १९२/(व + १६) = १
१९२ × १६ = व(व + १६)
व² + १६व − ३०७२ = ०

जोडी: गुणाकार −३०७२, बेरीज १६. थेट मुळंच काढायची तर त्यांची बेरीज −१६, तिचं निम्मं −८, आणि द² = ६४ + ३०७२ = ३१३६ = ५६². मुळं −८ + ५६ = ४८ आणि −८ − ५६ = −६४.

(व − ४८)(व + ६४) = ०

वेग ताशी ४८ किमी, चार तास. वाढवल्यावर ६४, तीन तास. डेक्कन क्वीनला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, तेव्हा आकडे हवेतले नाहीत.

आता −६४ कडे बघा. तो वाढवलेला वेगच आहे, फक्त वजा चिन्ह लावून. कारण समीकरणाला "व हा वेग आहे" हे माहीतच नाही. त्याला एवढंच कळतं की व आणि व + १६ यांचा गुणाकार ३०७२. ४८ × ६४ ने ते जमतं, तसंच (−६४) × (−४८) नेही जमतं. वेग धन असतो ही माहिती आपल्याकडे आहे, ती समीकरणात कुठेच लिहिलेली नाही. म्हणून निवड आपण करायची. अग्राह्य लिहिण्याआधी ते मूळ काय सांगतंय हे एकदा बघावं, पुष्कळदा त्यात दुसरं उत्तरच असतं.


पोथीवाला

चौथी_सीट यांनी दार उघडलंच आहे, तर आता भास्कराचार्य. हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात वानरांची दोन उदाहरणं आहेत. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरं वनात उड्या मारतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती?

(क्ष/८)² + १२ = क्ष
क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०
(क्ष − १६)(क्ष − ४८) = ०

चौथी_सीट यांनी वर बेरीज ६४, गुणाकार ७६८ घेतला होता, तोच हा. उत्तरं १६ आणि ४८, आणि दोन्ही ग्राह्य. १६ वानरं असतील तर वनात ४, ४८ असतील तर वनात ३६.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग, एवढी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय.

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५)(क्ष − ५०) = ०

इथे दोन्ही मुळं धन आहेत. तरी भास्कराचार्य ५ नाकारतात. कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून तीन वजा केले तर −२ वानरं होतात. वर्ग केल्यावर ४ येतात आणि समीकरण जुळतं, पण लोकांना ते पटणार नाही, असं ते म्हणतात. जाईताई, लेकीला हे जरूर दाखवा. मूळ धन आहे एवढ्याने ग्राह्य ठरत नाही, ते उदाहरणात परत नेऊन बघावं लागतं.

हे ११५० च्या सुमाराचं लिखाण आहे. वर्गसमीकरणाची सर्वसाधारण रीत देताना ते श्रीधराचार्यांचं नाव घेतात: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणून पूर्ण वर्ग करायचा. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, हे त्यातूनच कळतं. तो लेख उजेडात आणला आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, पण तिथे जाणाऱ्या किती जणांना या माणसाचा गणिताच्या इतिहासाशी असलेला संबंध ठाऊक असतो?

त्याच ग्रंथातलं एक चौथ्या घाताचं समीकरण इथे ठेवतो. अकरावीत_आत्ता, तुम्ही करून बघा.

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

भास्कराचार्यांची वाट: दोन्ही बाजूंना ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवा.


अकरावीत_आत्ता

केलं. मिळवल्यावर डावीकडे क्ष⁴ + २क्ष² + १ आणि उजवीकडे ४क्ष² + ४००क्ष + १००००. दोन्ही पूर्ण वर्ग निघाले!

(क्ष² + १)² = (२क्ष + १००)²

इथे मी वर्गमूळ घेणार होतो, पण खडूफळा सरांचं शून्य आठवलं. सगळं डावीकडे आणलं आणि वर्गांतराचं सूत्र लावलं:

(क्ष² + १ − २क्ष − १००)(क्ष² + १ + २क्ष + १००) = ०
(क्ष² − २क्ष − ९९)(क्ष² + २क्ष + १०१) = ०
(क्ष − ११)(क्ष + ९)(क्ष² + २क्ष + १०१) = ०

११ चा ताळा: १४६४१ − २४२ − ४४०० = ९९९९.
−९ चा ताळा: ६५६१ − १६२ + ३६०० = ९९९९.

दोन्ही जुळतात. तिसऱ्या कंसाचा विवेचक ४ − ४०४ = −४००, म्हणून त्यातून वास्तव मूळ मिळत नाही.


खडूफळा

उत्तम. वर्गमूळ न घेता वर्गांतर वापरलंस हे फार चांगलं केलंस. घाईत नुसतं क्ष² + १ = २क्ष + १०० लिहिलं असतं तर तिसरा कंस नजरेलाच पडला नसता. इथे त्याला वास्तव मूळ नाही म्हणून नुकसान झालं नसतं, पण दर वेळी तसं असेल असं नाही.

भास्कराचार्यांनी उत्तर ११ दिलं आहे. आता त्या शेवटच्या कंसाकडे पुन्हा बघ: क्ष² + २क्ष + १०१ म्हणजे (क्ष + १)² + १००. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून ही राशी कधी १०० च्या खाली जातच नाही, शून्य होणं तर दूरच. विवेचक न काढताही हे दिसतं.

पुढचं घे: क्ष⁴ + ४. याला वास्तव मूळ एकही नाही, तरी पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात. ४क्ष² मिळव आणि वजा कर.


अकरावीत_आत्ता

क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

क्ष = ३ घालून तपासलं: ८१ + ४ = ८५, आणि १७ × ५ = ८५.